बांधकाम वेळापत्रकातील यंत्रशिक्षण

बांधकाम प्रकल्पातील कामांना किती काळ लागेल आणि कोणत्या टप्प्यावर विलंब संभवतो, याचा अंदाज पूर्वीच्या प्रकल्पांच्या नोंदींवरून संगणकाद्वारे बांधण्याच्या पद्धतीस बांधकाम वेळापत्रकातील यंत्रशिक्षण (मशीन लर्निंग) असे म्हणतात. या पद्धतीत काम पूर्ण होण्याची एकच तारीख न देता निरनिराळ्या तारखांची शक्यता वर्तवली जाते.

पार्श्वभूमी

१९५०च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेत 'क्रिटिकल पाथ मेथड' आणि 'पर्ट' या नियोजनपद्धती विकसित झाल्या. पहिल्या पद्धतीत प्रत्येक कामाचा कालावधी निश्चित धरतात. पर्टमध्ये अनुकूल, सर्वाधिक संभाव्य व प्रतिकूल असे तीन अंदाज घेऊन मधल्यास चौपट भार देतात आणि बेरजेस सहाने भागतात. हे अंदाज ४, ६ व १४ महिने असल्यास अपेक्षित कालावधी ७ महिने येतो. मात्र तिन्ही अंदाज नियोजनकर्त्यांच्या मतावर अवलंबून असल्याने ते अनेकदा आशावादी ठरतात.

कार्यपद्धती

यंत्रशिक्षणात मताऐवजी नोंदींचा आधार घेतला जातो. पर्जन्यमान, खडकाचा प्रकार, मजुरांची उपलब्धता, देयके मिळण्यास लागलेला काळ इत्यादी घटक आणि प्रत्यक्ष झालेला विलंब यांतील संबंध संगणक शोधतो. त्यावरून प्रत्येक कामाच्या कालावधीचा पल्ला ठरतो. त्यानंतर 'माँटे कार्लो' पद्धतीने वेळापत्रक हजारो वेळा चालवून पाहतात.

परस्परांवर अवलंबून नसलेली तीन कामे वेळेत संपण्याची शक्यता प्रत्येकी ८० टक्के असली, तरी तिन्ही वेळेत संपण्याची शक्यता सुमारे ५१ टक्केच असते. कालव्यासारख्या कामात हा हिशेब महत्त्वाचा ठरतो; कारण मधला एक तुकडा अपुरा राहिला, तरी पुढील गावांना पाणी मिळत नाही.

निळवंडे प्रकल्पाचे उदाहरण

अहिल्यानगर (पूर्वीचा अहमदनगर) जिल्ह्यातील अकोले तालुक्यात प्रवरा नदीवर असलेले निळवंडे धरण हे दीर्घ विलंबाचे ठळक उदाहरण होय. या प्रकल्पाची कल्पना १९७० मध्ये मांडली गेली. ८५ किलोमीटर लांबीच्या डाव्या कालव्याचे लोकार्पण २६ ऑक्टोबर २०२३ रोजी झाले. प्रकल्पाचा खर्च सुमारे ५,१७७ कोटी रुपयांवर गेला. अहिल्यानगरमधील सहा व नाशिकमधील एक अशा सात तालुक्यांतील १८२ गावे त्याच्या लाभक्षेत्रात येतात. प्रकल्पाच्या आखणीच्या काळी यंत्रशिक्षणाची साधने उपलब्ध नव्हती. अकोल्याच्या पश्चिम भागातील मुसळधार पावसामुळे नदीपात्रातील कामांचा हंगाम मर्यादित असतो. असा नियमित अडथळा नोंदींवरून वर्तवता येतो. परंतु ५३ वर्षांच्या प्रतीक्षेचा उलगडा केवळ पावसाने होत नाही.

मर्यादा

भूसंपादन, पुनर्वसन, निधी आणि प्रशासकीय मान्यता यांमुळे होणारा विलंब प्रत्येक प्रकल्पात वेगळा असतो व त्याच्या नोंदी क्वचितच एकसारख्या ठेवल्या जातात. अपुऱ्या नोंदींवर शिकलेली प्रणाली जुन्याच चुका अचूकतेच्या आवरणात पुन्हा मांडू शकते. शिवाय विलंबाची शक्यता आधी कळली, तरी तो टाळण्याचा निर्णय मनुष्यालाच घ्यावा लागतो. त्यामुळे ही पद्धत अभियंत्याच्या निर्णयास पूरक मानली जाते, पर्याय नव्हे.