वाढदिवसाची पार्टी आणि ट्रायथलॉनचा सराव: दोन्ही कसे सांभाळावे?

शनिवारी रात्री शहापूर किंवा मुरबाडजवळच्या एखाद्या फार्महाऊसवर मित्राचा वाढदिवस. बारा वाजता केक, मग जेवण, गप्पा आणि झोपायला तीन. सरावाच्या वेळापत्रकात मात्र रविवारी पहाटे माळशेजच्या दिशेने लांब सायकलिंग लिहिलेले. अशा वेळी बहुतेकांना काळजी वाटते ती केकची. एका रात्रीच्या खाण्याने महिन्यांची मेहनत वाया जाईल का?

नाही. खरा धोका ताटात नसून दुसऱ्या दिवशीच्या पहाटेत आहे.

एका दिवसाच्या खाण्याने काय होते?

शरीरात एक किलो चरबी साठण्यासाठी गरजेपेक्षा साधारण ७,७०० कॅलरी जास्त खाव्या लागतात. वाढदिवसाला केक, बिर्याणी आणि गुलाबजाम मिळून हजारभर कॅलरी जास्त गेल्या, तरी चरबी फार तर सव्वाशे-दीडशे ग्रॅम वाढेल. दुसऱ्या दिवशी काटा एक-दोन किलो जास्त दाखवतो, पण त्यात बहुतांश मिठामुळे आणि पिष्टमय पदार्थांमुळे साठलेले पाणी असते. ते दोन-तीन दिवसांत उतरते.

म्हणून पार्टीसाठी दिवसभर उपाशी राहू नका. त्याने रात्री जास्तच खाल्ले जाते. दुसऱ्या दिवशी दुप्पट व्यायाम करून ‘भरपाई’ करण्याचीही गरज नाही. थकलेल्या शरीरावर दुप्पट भार टाकला की स्नायू आणि सांधे दुखावतात.

क्रीमचा केक मात्र जपून आणा. उन्हाळ्यात कल्याणहून गाडीत आणलेला आणि फ्रीजबाहेर तासन्‌तास राहिलेला केक पोट बिघडवू शकतो. जुलाब झाले असतील तर ते थांबून पाण्याची भरपाई होईपर्यंत सराव नको.

दारू किती वेळ अंगात राहते?

३० मिलिलिटरच्या एका छोट्या पेगमध्ये सुमारे १० ग्रॅम अल्कोहोल असते. यकृत ढोबळमानाने तासाला तेवढेच अल्कोहोल निकाली काढते. रात्री दहा ते एक या वेळात आठ छोटे पेग घेतले, तर सकाळी सहा वाजताही रक्तात दारू असू शकते. काळी कॉफी, लिंबूपाणी किंवा गार पाण्याची आंघोळ यांनी हा वेग वाढत नाही. त्याने फक्त तरतरी आल्यासारखे वाटते.

शिवाय दारूमुळे:

- झोप लवकर लागते, पण सलग आणि गाढ लागत नाही.
- लघवी जास्त होऊन शरीरातील पाणी कमी होते. मुरबाडच्या मे महिन्याच्या उन्हात उष्माघाताचा धोका वाढतो.
- व्यायामानंतरची स्नायूंची दुरुस्ती मंदावते.
- काही जणांच्या हृदयाचे ठोके अनियमित होतात. एरवी निरोगी असलेल्या व्यक्तीतही जास्त मद्यपानानंतर हे दिसते.

सकाळी डोके दुखते म्हणून आयबुप्रोफेन किंवा डायक्लोफिनॅकसारखी वेदनाशामक गोळी घेऊन लांब सायकलिंगला निघू नका. शरीरात पाणी कमी असताना या गोळ्यांनी मूत्रपिंडांना इजा होऊ शकते.

मधुमेहासाठी इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारख्या गोळ्या चालू असतील तर अधिक काळजी घ्या. दारू आणि व्यायाम दोन्हींमुळे साखर खाली येते. दोन्ही एकत्र आले की ती धोकादायक पातळीपर्यंत घसरू शकते, तीही काही तासांनंतर, कधी झोपेत. घाम आणि थरथर ही लक्षणे इतरांना ‘जास्त झाली’ अशीच वाटतात आणि उपचाराला उशीर होतो.

पोहणे आणि सायकल: इथे चूक महागात पडते

धावताना झोप आली तर माणूस थांबतो. पाण्यात आणि रस्त्यावर ही सवलत नसते.

भातसा, तानसा आणि बारवी ही पिण्याच्या पाण्याची धरणे आहेत, सरावाचे तलाव नव्हेत. अशा जलाशयांत तळ अचानक खोल जातो, गाळ असतो आणि जीवरक्षक नसतो. दारू प्यायल्यावर अंतराचा अंदाज चुकतो आणि तोल जातो. पोहण्याचा सराव जीवरक्षक असलेल्या तरण तलावातच करा. फार्महाऊसच्या पूलमध्येही पार्टीनंतर उतरू नका. कोणी बुडताना दिसले तर मागोमाग उडी मारण्याऐवजी दोरी, ओढणी किंवा रिकामा बंद कॅन फेका आणि आरडाओरडा करा.

कल्याण-मुरबाड-माळशेज रस्त्यावर आणि मुंबई-नाशिक महामार्गावर अवजड वाहनांची वर्दळ असते. घाटात पावसाळी धुके आणि उतार. तीन तासांच्या झोपेवर इथे सायकल चालवणे म्हणजे अपघाताला निमंत्रण.

मग वेळापत्रक कसे बसवावे?

- आदला दिवस: आठवड्याचे सर्वांत लांब सत्र पार्टीच्या आधी उरकून घ्या.
- पार्टीचा दिवस: सकाळी हलका व्यायाम. रात्री पोटभर जेवा. दारू टाळणे उत्तम. घेणारच असाल तर कमी आणि जेवणासोबत घ्या.
- दुसरा दिवस: झोप पूर्ण करा. संध्याकाळी बरे वाटले तर अर्धा तास चाला.
- तिसरा दिवस: नेहमीचा सराव. चुकलेले सत्र सोडून द्या.

स्पर्धेला आठवडाभरच उरला असेल तर जागरण आणि दारू दोन्ही टाळा. केकचा तुकडा चालेल.

घरच्यांचेही ऐका. मुलीच्या वाढदिवसाची तारीख बदलत नाही, सायकलिंगची बदलता येते. औक्षणाच्या वेळी आई किंवा बाबा रस्त्यावर असतील, तर त्या सरावाला घरातून साथ मिळणे अवघड होते.

‘पन्नाशीला काहीतरी मोठे करायचे आहे’

वाढदिवसाला वयाइतके किलोमीटर धावण्याची किंवा पन्नाशीत ट्रायथलॉन पूर्ण करण्याची इच्छा अनेकांना होते. मिलिंद सोमण यांनी २०१५ मध्ये, पन्नास पूर्ण होण्याच्या काही महिने आधी, झुरिचची आयर्नमॅन पूर्ण केली. त्यात ३.८ किलोमीटर पोहणे, १८० किलोमीटर सायकल आणि ४२.२ किलोमीटर धावणे असते. पण ते तरुणपणी राष्ट्रीय पातळीवरचे जलतरणपटू होते आणि त्यांना वर्षानुवर्षे धावण्याचा सराव होता. त्यांचे वय पाहताना ही तयारीही पाहावी.

नवख्याने ७५० मीटर पोहणे, २० किलोमीटर सायकल आणि ५ किलोमीटर धावणे असलेल्या स्प्रिंट प्रकारापासून सुरुवात करावी. चाळिशीनंतर, किंवा रक्तदाब, मधुमेह, तंबाखूचे व्यसन वा घरात कमी वयात हृदयविकार झाल्याचा इतिहास असेल, तर आधी डॉक्टरांना भेटा. ईसीजी किंवा ट्रेडमिल चाचणी लागेल का, ते डॉक्टर तपासून सांगतील.

तातडीने मदत कधी घ्यावी?

छातीत दुखणे किंवा दडपण, चक्कर येऊन पडणे, धडधड न थांबणे, असंबद्ध बोलणे, उन्हात अंग तापून शुद्ध हरपणे: यापैकी काहीही झाले तर व्यायाम थांबवा आणि १०८ ला फोन करा. शहापूरला उपजिल्हा रुग्णालय आणि मुरबाडला ग्रामीण रुग्णालय आहे. घाटात काही ठिकाणी मोबाईलला रेंज मिळत नाही, म्हणून एकटे जाऊ नका आणि परतण्याची वेळ घरी सांगून निघा.