मालट्रकाचें हेड-गॅस्केट घरच्या घरीं कसें बदलावें

सीतादही होऊन कापसाची वेचणी सुरू झाली, म्हणजे तेल्हारा तालुक्यांतील जुन्या मालट्रकांस उसंत मिळत नाहीं. आमच्या वाचकांपैकीं पुष्कळांजवळ टाटा ४०७ किंवा तशाच बांधणीची, कित्येक वर्षें राबलेली गाडी आहे. ४०७ ही गाडी १९८६ सालीं प्रथम बाजारांत आली. अशा गाडीचें हेड-गॅस्केट ऐन हंगामांत उडालें, तर वेचलेला कापूस घरांत अडकतो, भाड्याची गाडी शोधावी लागते व मिस्त्रीकडे आपली पाळी येईपर्यंत वाट पाहत बसावें लागतें. हें काम लक्षपूर्वक करणाऱ्या शेतकऱ्यास दोन मदतनीस घेऊन स्वतः करतां येतें. परंतु एक गोष्ट आरंभींच सांगणें अवश्य आहे. गॅस्केट आपण होऊन क्वचितच जातें. तें कां गेलें हें न शोधतां नवें बसविलें, तर तेंही त्याच वाटेनें जाईल.

इंजिनाचा खालचा भाग तो ब्लॉक व त्यावरील झांकण तें हेड. या दोहोंमध्यें चेपून बसविलेला पातळ पत्रा म्हणजे हेड-गॅस्केट. डिझेल इंजिनांत ठिणगी नसते. हवा सुमारें सतरा-अठरा पट दाबल्यानें इतकी तापते कीं, तींत उडविलेलें डिझेल आपोआप पेट घेतें. हा दाब सिलिंडरांत कोंडून ठेवणें, शेजारच्या भोंकांतून वाहणारें पाणी बाहेर जाऊं न देणें व तें तेलांत मिसळूं न देणें, हीं तिन्ही कामें हा एक पत्रा करतो.

इंजिन पुरतें तापल्यावरही धुराड्यांतून पांढरी वाफ येत राहणें, बाहेर गळती नसतां रेडिएटरचें पाणी कमी होणें, इंजिन चालूं असतां त्या पाण्यांत सारखे बुडबुडे उठणें, आणि तेलाच्या गेजकाडीवर ताकासारखा फेस दिसणें, हीं गॅस्केट गेल्याचीं मुख्य लक्षणें होत. तेल ताकासारखें दिसतांच इंजिन बंद करावें. पाणी मिसळलेलें तेल बेअरिंगांचें रक्षण करीत नाहीं, आणि मग गॅस्केटच्या खर्चाऐवजीं क्रँकचा खर्च पदरीं येतो. सिलिंडरांत पाणी सांचल्याचा संशय असल्यास सेल्फ मारूं नये. पाणी हवेप्रमाणें दाबलें जात नसल्यामुळें कनेक्टिंग रॉड वांकतो. चिरलेल्या हेडामुळें किंवा फुटक्या ऑइल कूलरमुळेंही यांपैकीं कांहीं लक्षणें दिसतात. म्हणून काढलेलें गॅस्केट फेकूं नये. तें कोठें जळलें आहे यावरून दोषाची जागा सांपडते.

खोलण्यापूर्वीं गाडी रात्रभर थंड होऊं द्यावी. तापलेल्या रेडिएटरचें झांकण उघडल्यास उकळतें पाणी अंगावर येतें, व तापलेल्या हेडाचे बोल्ट सोडल्यास हेड वांकण्याची भीति असते. बॅटरीची तार सोडून पाणी व तेल काढून टाकावें. नंतर होज पाइप, मॅनिफोल्ड, डिझेलच्या नळ्या व नोझलें काढून नळ्यांचीं तोंडें स्वच्छ प्लास्टिकनें बांधावीं. धुळीचे कण नोझलांत गेल्यास तीं बिघडतात. पुशरॉड ज्याचा त्याच जागीं परत गेला पाहिजे, यासाठीं पुठ्ठ्यास भोंकें पाडून आंकडे घालावे व त्यांत ते क्रमानें खोंवावे. हेडाचे बोल्ट बाहेरच्या कडेकडून मध्याकडे, थोडथोडे करून ढिले करावे. बिडाचें हेड जड असतें. तें तिघांनीं मिळून किंवा चेनपुलीनें उचलून लांकडी फळीवर ठेवावें.

सिलिंडरांत स्वच्छ चिंध्या घालून जुन्या गॅस्केटचे चिकटलेले तुकडे बोथट पट्टीनें खरवडावे. एमरी कागद वापरूं नये. त्याची भुकटी आंत गेल्यास रिंगा झिजतात. बोल्टांचीं भोंकें कोरडीं करावीं, कारण तळाशीं पाणी किंवा तेल राहून बोल्ट आवळला गेला तर ब्लॉक चिरूं शकतो. मग हेडाच्या पृष्ठावर सरळ पोलादी पट्टी लांबींत, रुंदींत व दोन्ही कर्णांवर धरून तिच्या खालीं फिलर गेज शिरतें काय तें पाहावें. ब्लॉकचीही तशीच परीक्षा करावी. वांक गाडीच्या पुस्तकांतील मर्यादेबाहेर असल्यास हेड फेसिंगसाठीं लेथवाल्याकडे न्यावें, व तेथेंच दाब देऊन चिरा तपासून घ्याव्या. घरीं कानस चालविण्याच्या भरीस कोणीं पडूं नये.

नवें गॅस्केट त्याच इंजिनाचें व सांगितलेल्या जाडीचें घ्यावें, त्याचीं सर्व भोंकें जुळवून पाहावीं, आणि कारखान्यानें सांगितलें नसल्यास त्यास कोणतेंही चिकटद्रव्य लावूं नये. बोल्ट मध्यापासून बाहेरच्या बाजूस, दोन-तीन टप्प्यांनीं, टॉर्क पान्यानेंच आवळावे. पान्याच्या दांड्यास पाइप लावून अंदाजानें आवळणें हें घरगुती कामांत सर्वांत अधिक नडतें. पाना जवळ नसल्यास तो मागून आणावा; आवळण्याचा आंकडा मात्र पुस्तकांतूनच घ्यावा. नंतर टॅपेटची फट साधावी, तेल व फिल्टर नवे घालावे, डिझेलच्या नळ्यांतील हवा काढावी, आणि इंजिन चालवून वरील लक्षणें पुन्हां तपासावीं.

आतां मूळ कारणाकडे वळूं. गॅस्केट बहुधा इंजिन अति तापल्यानें जातें. पूर्णेच्या खोऱ्यांतील खारपाण पट्टा अमरावती, अकोला व बुलढाणा या तिन्ही जिल्ह्यांत पसरला आहे. तेल्हारा तालुक्याचा उत्तरभाग सातपुड्याच्या पायथ्याशीं आहे. दक्षिणेकडे पूर्णेच्या बाजूस विहिरींचें व बोअरचें पाणी खारें लागतें. जें पाणी आपण पिकास देण्यास कचरतों, तेंच पुष्कळदां रेडिएटरांत ओततों. त्यांतील क्षारांनीं नळ्यांत कीट धरते, वॉटर पंपाचीं पातीं गंजतात व पाण्याचें अभिसरण मंदावतें. मग हेड अति तापून वांकतें व गॅस्केट जळतें. सबब रेडिएटर व ब्लॉकमधील पाण्याचा मार्ग धुऊन घ्यावा, आणि त्यांत बॅटरीस घालतात तें शुद्ध पाणी व कारखान्यानें सांगितलेलें कूलंट योग्य प्रमाणांत घालावें. अडचणीच्या वेळीं वाण धरणाचें गोडें पाणी बोअरच्या पाण्याहून पुष्कळ बरें.

यासोबतच फॅनचा पट्टा, थर्मोस्टॅट व रेडिएटरचें झांकण तपासावें. कापूस वाहणाऱ्या गाडीच्या रेडिएटरच्या जाळींत तंतू व धूळ अडकून वारा बंद होतो. ती जाळी वारंवार झाडावी. पोळ्याच्या आदल्या दिवशीं आपण बैलांची खांदशेकणी करतों. त्याच सुमारास ट्रकाच्या पाण्याची, पट्ट्याची व जाळीची पाहणी करण्याचा प्रघात प्रत्येकानें घालून घ्यावा, म्हणजे वेचणीच्या ऐन दिवसांत हेड उघडण्याचा प्रसंग सहसा येणार नाहीं.