डोळ्यांची खाज आणि औषधाचे थेंब

भिवंडीसारख्या यंत्रमागांच्या गांवीं एखादा आठ-दहा वर्षांचा मुलगा सारखे डोळे चोळूं लागला, कीं 'डोळे आले' असें आपण म्हणतों. साथीचे डोळे दोन-तीन आठवड्यांत बरे होतात. ही खाज मात्र दर उन्हाळ्यांत परतते, आणि तारेसारखा चिकट स्राव सुटतो. पुष्कळदां जोडीला दमा, शिंका वा इसबही असतो. तेंही वैद्यास सांगावें. चोळून चोळून डोळ्याचें पारदर्शक पटल शंकूसारखें पुढें येऊं शकतें. हा विकार वयांत येतांना बहुधा शमतो. भय आहे तें दुकानांतून परस्पर आणलेल्या स्टेरॉइडच्या थेंबांचें! खाज तत्काळ थांबते. परंतु महिनोन्महिने वापरल्यास काचबिंदू होऊन, कांहींएक न दुखतां, दृष्टि कायमची जाऊं शकते. हे थेंब नेत्रवैद्यानें दिले असले, तरी डोळ्याचा दाब वेळोवेळीं मोजवून घ्यावा. थंड पाण्याच्या घड्या मात्र खुशाल ठेवाव्या.