गाडीतला वूफर : निवड तुमचीही हवी!

सुट्ट्या लागल्या, की आपल्या वाशिम जिल्ह्यात बेत ठरू लागतात. पोहरादेवीला जाऊ, कारंज्याच्या गुरुमंदिरात जाऊ, येताना शिरपूरला अंतरिक्ष पार्श्वनाथाचं दर्शन घेऊ. मोठी गाडी, मागे गाद्या, डबे, पाण्याचा कॅन. त्यातच चिरंजीवांचा हट्ट : "आई, यंदा गाडीत वूफर बसवू या!"

'हा पुरुषांचा विषय' म्हणून मोकळ्या होऊ नका बरं! त्या खोक्याजवळ बसणार आहेत तुमचीच मुलं.

वूफर फक्त खर्जाचा आवाज देतो. डग्ग्याचा घुमारा, ढोलकीची थाप. त्यासाठी डिकी अडवणारं धूड कशाला? सीटखाली मावणारा, आतच अॅम्प्लिफायर असलेला आठ इंची वूफर घरच्या गाडीला पुरतो. खोक्यावरच्या '१००० वॉट'ला भुलू नका. 'आर.एम.एस.' पुढचा आकडा पाहा. सतत मिळणारी ताकद तीच.

बसवताना मात्र समोर उभ्या राहा. बॅटरीवरून येणाऱ्या तारेला बॅटरीच्या जवळच, वीतभर अंतरावर, फ्यूज हवाच. तार पत्र्यावर घासून उघडी पडली, तर हा फ्यूजच आग टाळतो. तारेवर जाड नळी घालून घ्या. अर्थिंगची तार रंग खरवडलेल्या कोऱ्या पत्र्यावर घट्ट आवळलेली असावी, नाहीतर स्पीकर घूंऽऽ करत राहतो.

आणि खोका बोल्टनं पक्का करायला सांगा. नुसता ठेवलेला खोका जोरात ब्रेक लागताच पुढच्या सीटवर आदळतो.

मुक्कामी इंजिन बंद करून तासन्‌तास गाणी लावू नका. पहाटे गाडी सुरूच व्हायची नाही! शिवाय सन २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांप्रमाणे रात्री दहा ते सकाळी सहापर्यंत वस्तीत ४५ डेसिबलचीच मर्यादा आहे. भक्तनिवासाच्या आवारात थकूनभागून झोपलेल्यांचाही विचार नको का?

आवाज किती ठेवावा? सोपी परीक्षा सांगते. मागच्या सीटवर लेकराला मांडीवर घेऊन बसा आणि पुढे बसलेल्या सासूबाईंशी नेहमीच्या आवाजात बोला. त्यांना ऐकू गेलं, तर आवाज बेताचा. ओरडावं लागलं, तर बटण मागे फिरवा. सततच्या मोठ्या आवाजानं कानाच्या आतल्या नाजूक पेशी एकदा मेल्या, की पुन्हा येत नाहीत.

गाणं तर हवंच. पण मागून येणाऱ्या ट्रकचा हॉर्नही ऐकू यायला हवा, नाही का?