फुलांची मागणी व पोच : अटी आधी, तोडणी मागाहून

ठाणे-बेलापूर मार्गावरील रबाळे येथे मोठी औद्योगिक वसाहत आहे. खंडेनवमीस व दसऱ्यास कारखान्यांतून यंत्रांची पूजा होते आणि त्यासाठी झेंडूची फुले व हार लागतात. ही मागणी एका सकाळची असते. पूजा आटोपल्यावर आलेल्या फुलांस कोणी हात लावीत नाही. म्हणून फुलांच्या व्यवहारात भावाइतकेच वेळेस महत्त्व आहे. फुले उशिरा पोचली किंवा वाटेत कोमेजली, तर नुकसान कोणी सोसावयाचे, हे तोडणीपूर्वीच ठरले पाहिजे.

फूल तोडल्यानंतरही त्याचे श्वसन चालू असते. ढीग करून ठेवलेल्या फुलांत उष्णता साठते व ती लवकर खराब होतात. झेंडूची पूर्ण उमललेली फुले सकाळच्या गारव्यात तोडावीत. मोगऱ्याच्या कळ्या मात्र उमलण्यापूर्वी, पहाटेच तोडाव्या लागतात. त्या सायंकाळी उमलतात. यासाठी पोचीच्या वेळेवरून उलट मोजून तोडणीची वेळ ठरवावी. झेंडूस लावणीपासून सुमारे दोन महिन्यांनी फुले येतात. सणाची मागणी लावणीच्या सुमारास बोलून ठेवणे हिताचे होय.

मालविक्री अधिनियम, १९३० याचे काही नियम शेतकऱ्यांनी जाणून घ्यावेत. ठरल्यापेक्षा कमी माल आल्यास खरेदीदारास तो नाकारता येतो. मात्र स्वीकारल्यास ठरलेल्या दराने पैसे द्यावे लागतात. माल पूर्वी पाहिला नसेल, तर तो तपासण्याची वाजवी संधी खरेदीदारास मिळाली पाहिजे. करारानुसार माल वाहतूकदाराच्या स्वाधीन केला, की तो खरेदीदारास पोचला असे सामान्यतः मानले जाते. परंतु पोच कारखान्याच्या फाटकावर द्यावयाची असेल, तर वाटेतील जोखीम कोणाची हे स्पष्ट शब्दांत लिहावे. अन्यथा वाद उद्भवतो.

मागणी घेताना पुढील गोष्टी कागदावर याव्यात :

(१) फुलांचा प्रकार, रंग व वजन. हार असल्यास लांबी व संख्या.
(२) पोचीचा दिवस, वेळ, नेमकी जागा आणि माल उतरवून घेणाऱ्याचे नाव.
(३) दर, भाड्याचा व हमालीचा भार, इसाऱ्याची रक्कम आणि उरलेले पैसे देण्याचा दिवस.
(४) मागणी कोणत्या वेळेपर्यंत रद्द करता येईल. तोडणी सुरू झाल्यावर रद्द केल्यास इसारा परत मिळणार नाही, अशी अट आधीच सांगावी.
(५) ठरलेल्या रंगाची फुले न मिळाल्यास दुसरी चालतील काय.
(६) तक्रार किती वेळात करावी. फुलांच्या बाबतीत ही मुदत दिवसांत नव्हे, तासांत असावी.

मागणी दूरध्वनीवरून आल्यास याच बाबी संदेशाद्वारे कळवून होकार मागून घ्यावा व तो संदेश जपून ठेवावा.

माल रवाना करताना फुले सावलीत निवडावीत. ओली फुले दाबून भरू नयेत. हवा खेळेल अशा करंड्या किंवा भोके असलेली खोकी वापरावीत. पिकलेल्या फळांसोबत फुले पाठवू नयेत, कारण फळांतून निघणाऱ्या इथिलीन वायूने अनेक जातींची फुले लवकर कोमेजतात. पोचपावतीवर वजन, वेळ व सही घेतल्याखेरीज गाडी परत फिरवू नये.

गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी या बाबींचा छापील नमुना फूल-उत्पादकांच्या गटास तयार करून द्यावा. एका सकाळीत मोल गमावणाऱ्या मालाचे रक्षण अशा लेखी अटींनीच होऊ शकते.