धावत्या डब्यातून पऱ्हाटी

बडनेऱ्याहून वर्ध्याकडे निघालेली गाडी चांदूर सोडते आणि धामणगाव येईपर्यंत खिडकीत काळी जमीन, कमरेएवढी पऱ्हाटी आणि मधूनमधून तुरीचे तास एवढंच चालू राहतं. दिवाळीच्या आगेमागे बोंडं फुटलेली असतात. कमरेला ओटा बांधून बाया वेचणीला लागलेल्या असतात आणि गाडीचा आवाज आला की त्यांतली एखादी मान वर करून बघते. डब्यातलं कुणीतरी घाईघाईनं मोबाईल काढतं, बटण दाबतं. पडद्यावर येतो विजेचा एक तिरका खांब, हिरवा-पांढरा फराटा आणि काचेत उमटलेला स्वतःचाच हात. ‘हलला रे!’ म्हणून फोटो पुसला जातो. तोवर ते शेत मैलभर मागं पडलेलं असतं.

मोबाईलचा यात दोष थोडाच. गाडी ताशी १०० किलोमीटरनं धावत असेल तर ती सेकंदाला जवळजवळ २८ मीटर जाते. शटर १/१००० सेकंद उघडं राहिलं तरी तेवढ्यात डबा पावणेतीन सेंटिमीटर सरकतो. १/६० सेकंदात तर जवळजवळ अर्धा मीटर. मात्र हे सरकणं सगळीकडे सारखं दिसत नाही. रुळांपासून तीन मीटरवरचा खांब टिपताना मोबाईलच्या चौकटीत जेमतेम चार मीटर रुंदीचा पट्टा मावतो. त्यात पावणेतीन सेंटिमीटरचा फराटा सहज डोळ्यांत भरतो. पन्नास मीटरवरच्या धुऱ्यावरचं बाभळीचं झाड टिपताना त्याच चौकटीत सुमारे सत्तर मीटर रुंदी येते, आणि तेवढ्या रुंदीत तेच पावणेतीन सेंटिमीटर हरवून जातात. वेग एकच, शटर एकच. झाड ठसठशीत येतं, खांब फाटतो. म्हणून मोबाईल उचलण्याआधीच किती लांबचं हवं ते ठरवावं लागतं. धावत्या खिडकीतून सगळंच पकडायला जाणाऱ्याच्या हाती बहुधा काहीच लागत नाही.

खांबांची अडचण ताल ओळखला की सुटते. ओव्हरहेड तारांचे हे खांब साधारण साठ-सत्तर मीटरवर असतात, ब्रॉडगेजवर जास्तीत जास्त ७२ मीटरवर. म्हणजे शंभराच्या वेगात दर सव्वादोन-अडीच सेकंदांनी एक खांब खिडकीवरून जातो. भजनात टाळ धरणाऱ्याला जसं हाताला कळतं तसं पाच-सहा खांब नुसते मोजले की पुढचा केव्हा येणार ते कळू लागतं. खांब गेला रे गेला की बटण दाबायचं. ओळीनं धडाधड फोटो काढण्याची सोय मोबाईलमध्ये असते, तीही वापरावी. पण ताल धरून काढलेले चार फोटो अंदाधुंद चाळिसांपेक्षा बरे निघतात.

खांब तिरका का येतो, हे कोडं शंभर वर्षांहून जुनं आहे. झाक-आन्री लार्तिग या फ्रेंच तरुणानं मोटारींच्या एका शर्यतीत काढलेला फोटो १९१२ सालचा म्हणून जगभर गाजला. त्यात गाडीचं चाक लंबगोल होऊन पुढं झुकलंय आणि मागचे बघे उलट्या बाजूला कलंडलेत. त्याच्या कॅमेऱ्यात काचेसमोरून एक फट सरकत जाई, त्यामुळे चित्राचा एक भाग आधी नोंदला जाई, दुसरा नंतर. तेवढ्यात मोटार पुढं सरकलेली असे. शिवाय तो मोटारीबरोबर कॅमेरा वळवत होता, म्हणून उभी माणसं उलटी झुकली. आजच्या मोबाईलचा सेन्सरही चित्र ओळीओळीनं वाचतो. वरची ओळ आणि शेवटची ओळ यांच्यामध्ये सेकंदाचा अगदी लहानसा भाग जातो आणि तेवढ्यात खांबाचा शेंडा एकीकडे, बुंधा दुसरीकडे जातो. मोबाईल आडवा धरण्याऐवजी उभा धरला तर वाचनाची दिशा फिरते. मग खांब झुकत नाही, फक्त थोडा जाड किंवा बारीक दिसतो. घरोघरी मोबाईल असूनही एवढी साधी युक्ती फार थोड्यांना माहीत असते.

धावत्या गाडीतून काढलेल्या फोटोंचं सगळ्यांत मोठं उदाहरण मात्र अमेरिकेतलं आहे आणि ते शोकाचं आहे. तिथले राजकीय नेते रॉबर्ट केनेडी यांची जून १९६८ मध्ये हत्या झाली. ८ जूनला त्यांची शवपेटी आगगाडीनं न्यूयॉर्कहून वॉशिंग्टनला नेण्यात आली. ‘लुक’ मासिकाचा छायाचित्रकार पॉल फुस्को त्याच गाडीत होता. एरवी चारेक तासांचा तो प्रवास, त्या दिवशी आठ तास चालला, कारण रुळांच्या दोन्ही बाजूंना माणसं उभी होती. कुणी छातीवर हात ठेवलेला, कुणी सलाम ठोकलेला, कुणी लेकरांना ओळीनं उभं केलेलं. गर्दी इतकी होती की वाटेत दोन माणसं दुसऱ्या गाडीखाली सापडून गेली. फुस्कोनं खिडकीशी उभं राहून हजाराहून अधिक फोटो काढले. त्याची कोडाक्रोम फिल्म मंद होती, तिला उजेड भरपूर लागे. संध्याकाळ होत गेली तसतसं शटर लांबत गेलं. मग त्यानं एका चेहऱ्यावर कॅमेरा रोखायचा आणि गाडी पुढं जाईल तसा त्या चेह‍ऱ्याबरोबर मागं वळवत न्यायचा, असं चालवलं. बाजूचं गवत, मागची घरं, पुढची माणसं विरघळून जातात आणि मधला एकच माणूस आपल्याकडे बघत उभा राहतो. त्यातले बहुतेक फोटो तीसेक वर्षं कपाटात पडून होते. आज त्या दिवसाची आठवण निघते ती याच फोटोंवरून.

हीच रीत आपल्या वेचणीवाल्या बाईसाठी लागू पडते. ती पन्नास मीटरवर असेल तर शंभराच्या वेगात, ती खिडकीच्या अगदी समोर आल्या क्षणी कॅमेरा सेकंदाला ३२ अंशांच्या हिशेबानं मागं वळवावा लागतो. दोनशे मीटरवर असेल तर आठच अंश पुरतात. मनगट नव्हे, कंबर वळवायची. कोपर बरगडीशी घट्ट, पाय किंचित फाकलेले, आणि बटण दाबल्यावरही वळणं थांबवायचं नाही. १/१२५ किंवा १/६० वर असा एक फोटो साधला की पऱ्हाटीच्या पांढऱ्या रेघा होतात आणि त्यांच्या मधोमध एक माणूस नीट दिसतो. १/१००० च्या गोठवलेल्या चित्रात ही शेताची धाव येत नाही.

कोणती खिडकी धरावी, यालाही उत्तर आहे. बडनेरा ते पुलगाव हा मार्ग साधारण पश्चिमेकडून पूर्वेकडे, थोडा आग्नेयेला कलत जातो. हिवाळ्यात सूर्य दिवसभर दक्षिणेकडून फिरतो. त्यामुळे नागपूरकडे जाताना डावी खिडकी धरली तर दुपारनंतर ऊन पाठीमागून येतं आणि समोरचं शेत उजळ दिसतं. उजवीकडे डोळ्यांवर ऊन येतं. तिथं काळ्या आकृत्या, धूळ, बैलांच्या शिंगांवरची किनार असले फोटो मिळतात. पांढराशुभ्र कापूस चौकटभर असेल तर कॅमेरा बिचकून चित्र अंधारं करतो, तेव्हा उजेड हातानं थोडा वाढवावा.

एसीच्या डब्यात काच हे वेगळंच प्रकरण. ती दुहेरी, किंचित हिरवट आणि बंद असते. आतला दिवा, शेजाऱ्याचा पांढरा सदरा, सगळं तिच्यात उमटतं. काळी ओढणी किंवा जॅकेट भिंगाभोवती धरून मोबाईल काचेच्या अगदी जवळ न्यावा, पण टेकवू नये. टेकवला की डब्याची सगळी थरथर चित्रात उतरते. मोबाईलचा रात्रीचा मोड गाडीत बंदच बरा. तो अनेक चित्रं एकावर एक रचतो, आणि दरम्यान बाहेरचं गाव बदललेलं असतं.

स्लीपरच्या डब्यात काच वर करता येते, म्हणून फोटोसाठी तो डबा उत्तम. मोबाईलची दोरी मनगटाला गुंडाळलेली हवी, हात गजांच्या आत हवा. दारात लटकून, पायरीवर उभं राहून काढलेल्या फोटोचं कौतुक करणं आता तरी थांबायला हवं. पायरीवरून, टपावरून किंवा इंजिनावरून प्रवास केल्यास रेल्वे कायदा १९८९ च्या कलम १५६ नुसार तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५०० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. तरुण पोरं जिवाला मुकतात, त्यापुढं दंडाची काय कथा.

फोटो काढणाऱ्यांचं खरं भाग्य वऱ्हाडात होतं ते शकुंतलेच्या रूपानं. मूर्तिजापूर ते यवतमाळ ११३ किलोमीटर आणि मूर्तिजापूर ते अचलपूर ७६ किलोमीटर अशी ही अडीच फुटी रुळांवरची गाडी ताशी वीसेकच्या चालीनं जाई. १९२१ साली मँचेस्टरला बनलेलं तिचं वाफेचं इंजिन १५ एप्रिल १९९४ पर्यंत चाललं. त्या वेगात १/२५० ला डबा दोन सेंटिमीटरच्या आसपास सरकतो, म्हणजे साध्या कॅमेऱ्यानंही रुळांपासून थोडी लांबची बोरीबाभळी, फाटकावर थांबलेली बैलगाडी स्वच्छ यावी. ती गाडी आता बंद आहे. तिच्या खिडकीतून दिसलेलं गाव कुणाच्या जुन्या अल्बममध्ये असेल तर तो अल्बम जपायला हवा.

धामणगाव तालुक्यातूनच आता समृद्धी महामार्ग जातो. ११ डिसेंबर २०२२ ला नागपूर-शिर्डी हा ५२० किलोमीटरचा पहिला टप्पा खुला झाला. मोटारींना १२० ची मुभा, आणि फोटोसाठी मध्येच थांबणं धोक्याचं, म्हणून शेजारच्या सीटवरच्यानंच काढायचं, चालवणाऱ्यानं कदापि नाही. रस्ता भरावावर उंच असतो तिथं लांबवरची शेतं छान सापडतात. जवळचा लोखंडी कठडा कितीही केलं तरी फाटणारच.

मेळघाटच्या जंगलात गणित उलटं होतं. तिथं सफारीची जिप्सी थांबते, पण इंजिन चालू असेल तर थरथर थांबत नाही. म्हणून चालकाला इंजिन बंद करायला सांगायचं आणि लांब भिंग कापडी पिशवीवर टेकवायचं. पिशवीत सरकी किंवा ज्वारी भरली तरी काम भागतं. हेलिकॉप्टरमध्ये तर अंग कुठंच टेकवायचं नसतं. नौदलात छायाचित्रकार राहिलेल्या गोपाळ बोधे यांनी आकाशातून किनारा आणि दीपगृहं टिपली. उद्धव ठाकरे यांनी ‘महाराष्ट्र देशा’मध्ये गडकोट आणि ‘पहावा विठ्ठल’मध्ये वारी वरून दाखवली. गडाची तटबंदी शेकडो मीटर खाली असल्यानं तिथंही लांबचं अंतर मदतीला येतं.

वरून पाहिलेला महाराष्ट्र असा पुस्तकांत आला, पण मुंबई-नागपूर मार्गाच्या खिडकीतून दिसणारा वऱ्हाड अजून नीट नोंदवला गेलेला नाही. १८६७ साली रेल्वे नागपूरला पोचली. यवतमाळकडचा कापूस बैलगाड्यांनी धामणगावच्या स्टेशनावर येऊ लागला, आणि जिनिंग-प्रेसिंगच्या आधारानं गाव वाढलं. आज त्याच पट्ट्यात पऱ्हाटीच्या जागी सोयाबीन आलंय, जुन्या जिनांचे पत्रे गंजताहेत, धुऱ्यांवरची झाडं कमी होताहेत. रोज ये-जा करणाऱ्या एखाद्या पासधारकानं चांदूर ते धामणगाव एवढ्याच पट्ट्याचे, एकाच बाजूच्या खिडकीतून, दर महिन्याला दहा फोटो काढले तर पाच वर्षांत सहाशे होतील.

धामणगाव सुटलं की तळणी येतं, मग वर्धा नदीचा पूल. पाणी लांब आणि खाली असतं, त्यामुळे पुलाच्या दोन लोखंडी पट्ट्यांमधून ते सहज सापडतं. पलीकडे पुलगाव. तिथं लष्कराचं केंद्रीय दारूगोळा भांडार आहे. नदी ओलांडली की कॅमेरा बॅगेत ठेवायचा.