भरत नाही, म्हणून टाकी चांगली?

पुणे जिल्ह्यातल्या बेल्हे, राजुरी, अणे या पट्ट्यात घर बांधायला काढलं की संडासाची टाकी किती खोल घ्यायची हा प्रश्न निघतोच, आणि उत्तर बहुधा एकच मिळतं: जितकी खोल, तितकी चांगली. टाकी वर्षानुवर्षं उपसावी लागली नाही, हे तर अभिमानानं सांगितलं जातं. सगळ्यात मोठा गैरसमज इथेच आहे. सेप्टिक टाकीत गाळ साठणं हेच तिचं काम. मैल्यातला जड भाग तळाशी बसतो, हळूहळू कुजतो आणि वरचं पाणी बाहेरच्या शोषखड्ड्यात जातं. केंद्र सरकारच्या सूचनांप्रमाणे हा गाळ दर दोन-तीन वर्षांनी काढायचा असतो. वापरात असूनही जी टाकी कधीच भरत नाही, तिला बहुधा तळच नसतो किंवा तो फुटलेला असतो. नाहीतर गाळ पाण्याबरोबर गटारीला लागलेला असतो.

यावर कुणी म्हणेल, जमीन सगळं गाळून घेते की! घेते, पण ती वरची माती. तिच्यातल्या सूक्ष्म जीवांमुळे आणि बारीक कणांमुळे रोगजंतू अडतात. आपल्याकडे मातीचा थर संपला की मुरूम आणि खाली भेगाळलेला काळा कातळ. भेगेतून जाणारं पाणी गाळलं जात नाही, आणि विहिरीला, बोअरला पाणी येतं तेही अशाच भेगांतून. म्हणजे पंधरा-वीस फूट खणून आपण गाळणारी मातीच ओलांडून जातो. विहिरीचं पाणी दिसायला नितळ असतं, तरी त्यातून कावीळ, विषमज्वर, हगवण येऊ शकते.

याला स्वस्त उत्तर आहे दोन शोषखड्ड्यांचा संडास. दोन खड्ड्यांच्या संडासात पाच-सहा माणसांच्या घराला जेमतेम मीटरभर रुंद आणि तितकेच खोल खड्डे लागतात. त्यांचं विटांचं बांधकाम जाळीदार, तळ मातीचा. भांड्याला उतार जास्त असल्यानं दीड-दोन लिटर पाणी पुरतं. मधल्या चेंबरमध्ये एका खड्ड्याचं तोंड विटेचा तुकडा आणि चिखल लावून बंद ठेवतात. साधारण तीन वर्षांनी पहिला खड्डा भरला की चेंबरचं झाकण काढायचं, तुकडा उचलून त्या तोंडाला लावायचा, आणि दुसरं तोंड मोकळं करायचं. देखभाल एवढीच. याला गॅस पाईप लागत नाही, कारण वायू मातीत जिरतो. सेप्टिक टाकीला मात्र तो लागतोच. बाजारातली जंतूंची पावडर दोन्हींना नको. कुजवणारे जंतू मैल्यातच असतात. ॲसिडच्या बाटल्या ओतून आपण उलट त्यांनाच मारतो.

खरा आक्षेप किळसेचा आहे: भरलेला खड्डा उपसणार कोण? बंद खड्डा किमान दीड वर्ष कोरडा ठेवला तर आतला मैला भुसभुशीत, बिनवासाचा होतो; ते सोनखत घरच्या माणसानं फावड्यानं काढून शेतात टाकावं. फेब्रुवारी 2017 मध्ये तेलंगणातल्या गंगादेवीपल्ली गावात केंद्राच्या स्वच्छता खात्याचे तेव्हाचे सचिव परमेश्वरन अय्यर यांनी स्वतः असा खड्डा रिकामा केला होता. सेप्टिक टाकीतला ओला गाळ ही निराळी गोष्ट. तो जिवंत रोगजंतूंनी भरलेला असतो, आणि टाकीतला विषारी वायू आधी नाकाची वास घेण्याची शक्तीच मारतो, मग माणसाला. तिथे यंत्राची गाडीच बोलवायची. साधनांशिवाय माणूस टाकीत उतरवणं 2013 च्या कायद्यानं गुन्हा आहे, आणि जातीच्या नावावर शतकानुशतकं लादलेलं हे काम पैसे टाकून कुणाकडून तरी करून घेणं अन्यायच आहे.

कातळ वरच लागला तर काय, हा प्रश्न रास्त आहे. तिथे सुरुंग लावून खोल जाऊ नये. खड्डा अर्धा जमिनीवर उचलून बांधावा, बाहेरून मातीचा भराव द्यावा. तळ सिमेंटनं बंद करावा आणि भोवती अर्धा मीटर जाडीचं बारीक वाळूचं आवरण घालावं. विहीर निदान दहा मीटर लांब हवी. भेगाळ कातळात त्याहूनही जास्त.